पुसलेली खूण

कापसाची वेचणी सुरू झाली की माझा दवाखाना ओस पडतो. अमरावतीत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. पावसाळ्यात तिथं बाकावर बसायला जागा नसते आणि मार्गशीर्ष लागला की बाकावर माशीही बसत नाही. या दिवसांत खेड्यातल्या माणसाला आजारी पडायला सवड नसते. बाया अंगात ताप घेऊन शेतात जातात आणि वेचणी आटोपली की साठवलेले सगळे आजार घेऊन एकदम येतात. तोवर मी खुर्ची दारात ओढून बसतो. समोरून कापसाच्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे जातात, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात आणि हाताला काम नसल्यामुळे जे आठवायचं नसतं तेच आठवत बसतं.

मी तेहतीस वर्षांचा आहे. हे काही थकायचं वय नव्हे, असं माझी आई म्हणते. तिचं बरोबर आहे. ती साठीला आली, तरी अजून वेचायला जाते आणि मी नको म्हटलं की म्हणते, "घरी बसून काय करू? तुह्यासारखी भिंतीकडे पाहू?"

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून दोन कोसांवर. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते आणि आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायची. वेचणीच्या दिवसांत मी सर्रास शाळा बुडवून तिच्या मागं जायचो. आई कमरेला लुगड्याची ओटी बांधून पुढं चालायची आणि तिच्या हातून सुटलेली बोंडं मी वेचायची, असा आमचा हिशेब होता. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. ती नखाच्या कडेला बरोबर शिरतात. सकाळच्या दवानं ओल्या झालेल्या बोटांना ती कळत नाहीत, उन्हं वर आली की ठणकायला लागतात. संध्याकाळी आई चुलीपुढं बसून माझी बोटं एकेक करून पाहायची आणि गोड्या तेलात हळद कालवून लावायची. स्वतःच्या बोटांना लावलेली मी कधी पाहिली नाही.

नागपूरला मी डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या घरानं, गावातल्या आमच्या सगळ्या वस्तीनंच, बुद्धाची वाट धरली. पुढं पास झालो आणि अकोल्याला एका इस्पितळात लागलो. अकोला म्हणजे कापसाचं शहर. हंगामात जिनांचे भोंगे पहाटेपासून वाजायचे, हवेत तंतू उडायचे आणि कामगार खोकत खोकत यायचे. कधी कोणाची बोटं, कधी अख्खा पंजा मशीनमध्ये जायचा. घाईची डॉक्टरी मी तिथं शिकलो. चार माणसं एकदम आली तर जो ओरडतो त्याच्याकडे आधी जायचं नाही, जो गप्प पडलाय त्याच्याकडे जायचं, हे मला एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी शिकवलं होतं.

मग बासष्टची लढाई झाली आणि फौजेला डॉक्टर हवेत असं वर्तमानपत्रात आलं. मी अर्ज केला. देशभक्ती होतीच, नाही कशाला म्हणू. पण खरं सांगायचं तर फौजेत माणसाचं आडनाव विचारण्याआधी हुद्दा विचारतात हे मी ऐकून होतो, आणि मला आडनावाच्या चौकशीचा कंटाळा आला होता. वडिलांनी एवढंच विचारलं, "तिथं घरच्यासारखं जेवाले भेटते का?" आईनं ट्रंकेत हळदीची पुडी टाकली.

छत्रीधारी सैनिकांत मी कसा गेलो हे सांगताना अजून हसू येतं. एक साहेब आले होते. विमानातून उडी मारणाऱ्या तुकडीसोबत राहील असा डॉक्टर त्यांना हवा होता. समोर आम्ही आठ-दहा डॉक्टर उभे होतो आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझं नाव लिहिलं गेलं. आग्र्याच्या उन्हाळ्यात मी उड्या मारायला शिकलो. प्रत्येक उडीनंतर मी कोणाला दिसणार नाही अशा बेतानं ओकायचो. तरी मारल्या, कारण उडी न मारणाऱ्या डॉक्टरला जवान पायाचा फोडसुद्धा दाखवत नाही.

खरी परीक्षा उडीची नव्हती, पिशवीची होती. अशी तुकडी चोरपावलांनी शत्रूच्या मुलखात शिरते, काम करते आणि परत येते. तिच्या मागं ना गाडी ना खाट ना तंबू. डॉक्टरनं पाठीवर जेवढं उचललं तेवढाच दवाखाना. पहिल्या दिवशी मी पिशवी इतकी भरली की कमांडर साहेब म्हणाले, "डॉक्टर, अस्पताल आ रहा है या तुम आ रहे हो?" मग मी एकेक वस्तू काढत गेलो. सलाईनच्या जास्तीच्या बाटल्या काढल्या. जाड पुस्तक काढलं. मॉर्फिन जास्त झालं तर द्यायचा उतारा असतो, त्याची छोटी पेटी होती. ती दोनदा आत टाकली, दोनदा बाहेर काढली. शेवटी बाहेरच ठेवली.

अशा कामात डॉक्टर सगळीकडे पुरत नाही, म्हणून प्रत्येक जवानाला थोडाथोडा डॉक्टर करावा लागतो. रोज संध्याकाळी मी त्यांना घेऊन बसायचो. रक्त कुठं दाबायचं, पाय फळीला कसा बांधायचा, पोटात गोळी लागली तर पाणी अजिबात पाजायचं नाही. या वर्गात सर्वांत पुढं बसायचा सुदाम. अचलपूरकडचा, कुणब्याचा मुलगा, घरची काळी जमीन, आणि स्वभाव तिच्यासारखाच, शिरलं ते सोडायचं नाही. हिंदीत सगळ्यांसोबत "जी साहब" करायचा आणि मी एकटा सापडलो की वऱ्हाडी सुरू. पोटाच्या जखमेला पाणी नाही हे काही त्याला पटत नव्हतं. "सायेब, मरता मानूस पानी मांगून राह्यला, त्याले नाही कसं म्हनाचं? आमच्या इकडं तं दुश्मनालेही पान्याले नाही म्हनत नाहीत." मी त्याला आतड्यांचं चित्र काढून समजावलं. त्यानं मान हलवली. कबूल केलं, पटलं नव्हतं.

पासष्टच्या लढाईत आम्ही उडी मारून नाही, पायीच गेलो. डोंगराळ मुलूख. काम झालं आणि परतताना सकाळी गोळीबार झाला. दीवानसिंग नावाच्या गढवालच्या जवानाला पोटात गोळी लागली. माझ्या नर्सिंग सहायकानं त्याला तिथंच मॉर्फिन टोचलं आणि आमच्या रीतीप्रमाणे मेणाच्या लाल पेन्सिलीनं त्याच्या कपाळावर एम काढून खाली वेळ लिहिली. ही खूण दिसली की पुढच्यानं तासन्‌तास दुसरी सुई द्यायची नाही. सहायक मग दुसऱ्या टोळीसोबत गेला. सुदाम आणि आणखी एक जण दीवानसिंगला उचलून ओढ्याकाठच्या खडकाआड घेऊन आले आणि तिथंच लपून राहिले.

मी दुपारी पोहोचलो. दीवानसिंग थंडीनं गारठला होता, कण्हत होता, पण नाडी चांगली होती. त्याचा चेहरा स्वच्छ होता. मी सुदामला विचारलं, "याले सुई देल्ली का कोणी?"

"माह्यासमोर तं नाही देल्ली, सायेब," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं. तो पोहोचण्याआधी दिलेली होती.

मी सुई दिली. आम्ही त्याच्यावर दोन घोंगड्या घातल्या. गारठलेल्या शरीरात आधीच्या सुईचं औषध कातडीखाली तसंच पडून होतं, ऊब लागली तसं तेही रक्तात उतरलं. तासाभरात तो कण्हायचा थांबला. सुदामला वाटलं, आराम पडला. मलाही वाटलं. मग त्याचा श्वास मोजला, तो फार मंद झाला होता, तेव्हा मी घाबरलो. तेवढ्यात सहायक आला, त्यानं दीवानसिंगच्या कपाळाकडे पाहिलं आणि विचारलं, खूण कुठं गेली. मी सुदामकडे पाहिलं. त्याच्या हातात ओला रुमाल होता. पाणी द्यायचं नाही म्हणून त्यानं दिलं नव्हतं. ओढ्यात रुमाल भिजवून त्याचे ओठ ओले केले होते, आणि मग घामानं, काजळीनं, मातीनं इतका माखलेला की लाल खूण त्याला वेगळी दिसलीही नव्हती, तो सगळा चेहरा हळूहळू पुसून काढला होता.

मी तोंडाला तोंड लावून त्याला श्वास देत राहिलो. ऊन कलेपर्यंत दिला. मग थांबलो.

पोटाची जखम होती, कदाचित तो तसाही वाचला नसता, असं लोक मला सांगतात. सांगणारे जखम पाहायला नव्हते, मी होतो. वरिष्ठांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुढं कपाळावरच्या खुणेवर विसंबू नकोस. तेव्हापासून मी सुई दिल्यावर मॉर्फिनची रिकामी नळी जखमीच्या कॉलरला टोचून ठेवायला लागलो, माझ्यापुरता. सुदामला मात्र काही सांगितलं नाही. सहायकालाही म्हटलं, बोलू नको. उतारा बाहेर मी ठेवला, विचारायचं ते अर्धवट मी विचारलं, सुई मी दिली. मग त्या बिचाऱ्याच्या रुमालाला दोष कशाला, असं मी स्वतःला बजावलं. ते मला तेव्हा मोठेपण वाटत होतं.

त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत सुट्टीवर आलो. तोच हंगाम मला दरवर्षी परत येऊन भेटतो. डॉक्टर घरी आलाय म्हटल्यावर सकाळपासून अंगणात माणसं बसायची. कोणाचा गुडघा, कोणाचं पोट, आणि ज्यांनी माझ्या वडिलांना कधी ओसरीवर बसवलं नव्हतं तेही हात पुढं करून बसायचे. मला कोणाची नाडी धरवत नव्हती. हातात मनगट घेतलं की मी श्वासच मोजत बसायचो, आणि मिनिट संपलं तरी मोजत राहायचो. आईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घालवून दिलं. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "काहून रे, बोलून नाही राह्यला? काय सांडून आला तिकडं?" मी म्हटलं, थकवा आहे. ती म्हणाली, "मंग झोप." मी झोपलो. दिवसाउजेडी, अंगणात, माणसं शेतातून येईपर्यंत मी झोपायचो.

सुट्टी संपायच्या आधी सुदामचं बोलावणं आलं. तोही घरी आला होता. त्याला सगळं सांगायचं असं ठरवून मी एसटीनं अचलपूरला गेलो आणि पुढं त्यांच्या गाडीनं शेतात. रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि बाजूला पऱ्हाटी कापसानं पांढरी फुटलेली. सुदामच्या वडिलांनी मला आपल्या शेजारी पंगतीत बसवलं, वाढताना दोनदा आग्रह केला, आणि मुलाकडे बोट करून म्हणाले, "डाक्टर सायेब, हा दिवसभर तुमचंच नाव घेऊन राह्यते."

मग सुदामनं पंगतीला ती गोष्ट सांगितली. पाणी देता येत नव्हतं, सायेबाचा हुकूम होता, मग आपण रुमाल भिजवून त्याचं तोंड कसं पुसलं, आणि तो कसा शांत झाला. सगळे खायचे थांबले होते. त्याचे वडील म्हणाले, "पानी नाही देता आलं, पन तोंड तं पुसलं. लय मोठं काम केलं बापू तू." सुदामची आई पदरानं डोळे पुसत होती. मी रोडगा खाली ठेवला आणि कोणीतरी मला पाणी दिलं.

जेवण झाल्यावर सुदामनं खिशातून कागद काढला. त्याला बंदूक सोडून नर्सिंगच्या कामात जायचं होतं, अर्जावर माझी शिफारस हवी होती. "त्या दिवशीच ठरवलं, सायेब. मले हेच काम कराचं हाय." मी सांगायला आलो होतो. मी सही केली. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला समजावत राहिलो की चांगल्या माणसाला चांगल्या कामावर पाठवलं. अमरावती येईपर्यंत ते मला जवळजवळ पटलं होतं.

पुढं दोन वर्षांनी मी फौज सोडली. हा दवाखाना टाकला. पोरांचे खोकले, बायांची कंबरदुखी, गावठी दारूनं सुजलेली पोटं. कोणी विचारलं फौज का सोडली तर मी पाठीचं दुखणं सांगतो. ते खोटंही नाही.

आणि या वर्षीच्या वेचणीत, असाच मी दारात बसलो असताना, सुदाम आला, सुट्टीवरून परत निघालेला, हातात ट्रंक. हवालदार झाला होता, अंगानं भरला होता. नर्सिंगची पोरं तयार करतात तिथं तो आता शिकवतो. मी आतून दुसरी खुर्ची आणली, समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. तो उत्साहानं सांगत होता आणि मला त्याच्याकडे पाहून खूप दिवसांनी बरं वाटत होतं. मग तो म्हणाला, "पुस्तकातलं सारं शिकवतोच, सायेब. पन पह्यली गोष्ट माही असते. पोराहिले सांगतो, जखमी मानूस हाती आला की आधी त्याचं तोंड पुसा. वल्ल्या फडक्यानं, सारं. मानूस अर्धा तिथंच बरा होते. दीवानसिंगची गोष्ट सांगतो त्याहिले. काही पोरं रडतात."

मी विचारलं, "खूण अजून कपाळावरच करता का?"

"हो. तिथंच त करतात."

मी चहा खाली ठेवला आणि त्याला सांगितलं. सगळं. एम, वेळ, रुमाल, दुसरी सुई, उताऱ्याची पेटी. माझा वाटा आधी सांगितला आणि जास्त सांगितला. तो ऐकत राहिला. समोरून तीन गाड्या गेल्या. मला वाटलं तो उठून जाईल, आणि जायला हवंही होतं.

"चार वर्षं," तो शेवटी म्हणाला. "मले सांगाले चार वर्षं काहून लागले, सायेब?"

"तुले वाईट वाटेल मनून."

"मले वाईट वाटलं असतं, त मी एकटा रडलो असतो." त्याचा आवाज वाढला नव्हता. "आता पाहा ना. माह्या हाताखालून इतले पोरं गेले. सरहद्दीवर हाय ते, पहाडात हाय. सारे तोंडं पुसून राह्यले असतील. कोनाकोनाची खून पुसली, मले काय मालूम?"

मी जे त्याच्यासाठी झाकून ठेवलं असं समजत होतो, ते त्यानं माझ्यामुळे चहूकडे पोहोचवलं होतं.

सुदाम उठला नाही. त्यानं ट्रंक उघडून वही काढली. त्याच्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि पत्ता त्यात होता, कारण दिवाळीला तो सगळ्यांना कार्ड टाकायचा. "कागद काढा," तो म्हणाला. "तुमचं हिंदी बरं हाय. तुमी लेहा, मी सही करतो. तिकडं गेल्यावर वरच्या सायेबाले मी सांगतोच. पन हे आज गेलं पायजे." मी पोस्टातून अंतर्देशीय पत्रं आणली. दोन दिवस आम्ही लिहीत होतो. चेहरा पुसताना कपाळाला हात लावू नका, रिकामी नळी कॉलरला टोचा, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मी त्यात माझं नाव घातलं तेव्हा तो म्हणाला, घाला. स्वतःचंही काढू दिलं नाही. एखाद-दुसरा रोगी आला तर मी उठायचो, तो वही घेऊन बसून राहायचा.

शेवटचं पत्र झाल्यावर त्यानं विचारलं, "दीवानसिंगच्या बापाले तुमी तवा काय लेहेलं होतं?"

मी लिहिलं होतं की जखम मोठी होती आणि तुमचा मुलगा वेदना न होता शांतपणे गेला. असंच लिहितात.

"मंग तेही लेहा," तो म्हणाला, आणि आपली एसटी गाठायला निघून गेला. जाताना पाया पडला नाही, दरवेळी पडायचा. हात मात्र हातात घेतला.

ते पत्र लिहायला मला आठवडा लागला. काही गाळलं नाही. शिव्या येतील, किंवा काहीच येणार नाही, अशी तयारी केली होती. काल उत्तर आलं. दीवानसिंगच्या वडिलांना लिहिता येत नाही, गावच्या पोस्टमास्तरनं लिहून दिलेलं साधं कार्ड आहे. ते म्हणतात, पत्र घरात सगळ्यांसमोर वाचून घेतलं. सुईचं, खुणेचं आम्हा डोंगरातल्या माणसांना फारसं कळलं नाही, आणि तुम्ही खरं लिहिलं ते बरं केलं की वाईट हेही मला ठरवता येत नाही. पण माझी बायको चार वर्षं रोज विचारत होती की त्या वेळी आपल्या मुलाजवळ कोणी होतं का. तिच्यासाठी मी तो रुमालाचा भाग पुन्हा वाचून घेतला. मग ती उठून स्वयंपाकाला लागली.

मी ते कार्ड तीनदा वाचलं. मला त्यातून माफी सापडली नाही, शापही सापडला नाही. मग ते पाकिटात घातलं, वर सुदामचा पत्ता लिहिला आणि संध्याकाळची डाक निघायच्या आत पेटीत टाकून आलो.